खेळणारा आणि शिकविणारा

गेल्या महिन्यांत आमच्या नौपाड्यांतील एका परिचित बिऱ्हाडांत एक लहानसें कौटुंबिक न्यायालय भरलें होतें, आणि न्यायाधीश म्हणून आम्हांस पाचारण झालें. वादी चिरंजीवांचे वडील, प्रतिवादी स्वतः चिरंजीव, वय वर्षें २१. आणि वादाचा विषय, चिरंजीवांचा उजवा गुडघा. हा गुडघा कॉलेजच्या संघाकडून फुटबॉल खेळतांना दोन वर्षांपूर्वीं दुखावला, आंतील बंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने व्यायाम झाले. आतां चिरंजीव चालतात, तीन जिने चढतात, सकाळीं घंटाळीपर्यंत धांवूनही येतात. परंतु धांवतां धांवतां एकाएकीं वळावें लागलें तर गुडघा दगा देईल ही धास्ती मनांतून जात नाहीं, आणि असा धास्तावलेला पाय घेऊन मैदानांत उतरूं नये असें डॉक्टरांचें मत पडलें. येथपर्यंत सारें घर एकमताचें होतें. मतभेद झाला तो पुढें. वडिलांचें म्हणणें, बरें झालें, देवानेंच सोडविलें. आतां पदवी पुरी करावी आणि एखाद्या बँकेची परीक्षा द्यावी. चिरंजीवांचें म्हणणें, खेळतां येत नसेल तर मी खेळ शिकवीन.

"शिकवीन म्हणजे काय? जो स्वतः खेळांत टिकला नाहीं, त्याच्यापाशीं कोण शिकावयास येणार?" हा वडिलांचा सवाल. माउली चहाचे पेले मांडीत होत्या; त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच याला कांहीं सांगा." आणि ज्याला सांगावयाचें तो गुडघ्यावर हात ठेवून आमच्याकडे असा पाहत होता, कीं तेथल्या तेथें निकाल देण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आम्हीं महिन्याची मुदत मागून घेतली. खरें सांगावयाचें तर फुटबॉलविषयींचें आमचें ज्ञान बेताचेंच. पावसाळ्यांत चिखलानें माखलेलीं मुलें जिन्यावर पावलें उमटवीत घरीं येतात, तेव्हां या खेळाची आम्हांस आठवण होते. परंतु मुदत घेतली ती पाळणें आलें, आणि त्या महिन्याभरांत जें वाचलें, ऐकलें व चिरंजीवांकडूनच शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हा सवाल एकाच बिऱ्हाडाचा असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आपल्या घरांतून खेळाचा शिक्षक म्हटला कीं एकच मूर्ति डोळ्यांपुढें उभी राहते, ती दादरच्या शिवाजी पार्कवरील रमाकांत आचरेकरांची. मालवणांत जन्मलेला हा मनुष्य प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळला. १९६३-६४ च्या हंगामांत, मोईनुद्दौला स्पर्धेंत, स्टेट बँकेच्या संघाकडून. एकच! आणि त्याच्या हाताखालून सचिन तेंडुलकर, प्रवीण अमरे, अजित आगरकर, चंद्रकांत पंडित असे खेळाडू निघाले. वडिलांच्या सवालाचें उत्तर येथेंच मिळालें असें समजून आम्ही मोठ्या ऐटीनें ते नांव पुढें केलें. परंतु वादी मुरब्बी. ते म्हणाले, "क्रिकेटचें सोडा. तेथें पैसा आहे, लोकांचें लक्ष आहे. फुटबॉलांत दाखवा." म्हणून आम्हांस फुटबॉलांत शोधावें लागलें, आणि शोधतां शोधतां जो मनुष्य सांपडला तो मुंबईच्याच कूपरेज मैदानावरचा निघाला.

खालिद जमील यांचा जन्म १९७७ सालीं कुवेतमध्यें झाला. परंतु खेळाडू म्हणून त्यांचें सारें आयुष्य मुंबईंत गेलें. प्रथम महिंद्र युनायटेड, मग एअर इंडिया, आणि २००२ पासून पुन्हा महिंद्र. जागा मधल्या फळीची. म्हणजे मागून आलेला चेंडू पुढें पोंचविण्याची, ज्या कामाची वर्तमानपत्रांत सहसा वाहवा होत नाहीं अशी. भारताच्या संघांतही ते खेळले. २००५-०६ सालीं महिंद्रनें राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तेव्हां संघाचे शिक्षक गोव्याचे डेरिक परेरा होते. तेही पूर्वीं साळगांवकर संघाचे व भारताचे बचावपटु. पाय थांबले तेव्हां शिकवूं लागलेले. या घराण्यांत विद्या अशीच उतरते असें दिसतें. परंतु दुखापतींनीं जमील यांची पाठ सोडली नाहीं. २००७ मध्यें ते नव्यानें निघालेल्या मुंबई एफ.सी. या संघांत गेले, आणि तेथेंच त्यांचा खेळ थांबला. संघाचे इंग्रज शिक्षक डेव्हिड बूथ यांच्यामागून २००९ सालीं ती जागा जमील यांजकडे आली. वय अवघें बत्तीस. ज्यांच्याबरोबर कालपर्यंत कपडे बदलण्याच्या खोलींत बसावयाचें, त्यांतल्या कोणाला आज खेळवावयाचें आणि कोणाला बांकावर बसवावयाचें, हें ठरविण्याचा प्रसंग आला.

पुढचीं सात वर्षें आमच्या मतें या चरित्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहेत, आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा. मुंबई एफ.सी. हा गरीब संघ. मोठ्या क्लबांना नको असलेले, वय झालेले किंवा अजून कोणीं न पाहिलेले खेळाडू याच्या वांट्याला यावयाचे. कूपरेजची दुरुस्ती चालली होती तेव्हां "घरचे" सामने खेळावयास पुण्याजवळ बालेवाडीस जावें लागे. फुटबॉलच्या या साखळी स्पर्धेंत तळाला राहणाऱ्या संघास खालच्या वर्गांत ढकलतात. नापास झालेल्या मुलासारखेंच तें. मुंबई एफ.सी. वर कधीं चढला नाहीं. परंतु त्या सात वर्षांत नापासही झाला नाहीं. चिरंजीवांनीं आम्हांस हें एका संध्याकाळीं गॅलरींत बसून, चहाच्या बशा आणि चमचे मांडून समजावून दिलें. गोल करावयास प्रतिभा लागते, ती विकत घ्यावी लागते. परंतु गोल न होऊं देणें शिकवितां येतें. चार जणांनीं एका रेषेंत उभें राहावें, त्यांच्यापुढें दुसऱ्या चौघांनीं, आणि दोन्ही रेषांमधलें अंतर इतकेंच ठेवावें कीं मधल्या जागेंत प्रतिपक्षाच्या माणसाला वळून पाहण्यास सवड मिळूं नये. एक पुढें सरकला कीं सर्वांनीं सरकावें, एक मागें आला कीं सर्वांनीं यावें. चेंडू मिळाला कीं लांब मारावा व धांवावें. दिसावयास हा खेळ रुक्ष. जमील यांच्या संघांवर तशी टीका नेहमींच होत आली आहे, आणि ती खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु बेताच्या मिळकतींत संसार टांचणीवर चालविणाऱ्या गृहिणीच्या हिशेबाच्या वहींतही काव्य नसतें.

२०१६ मध्यें मुंबईची ती नोकरी सुटली, आणि जमील यांनीं ऐझॉलचा रस्ता धरला. हें मिझोराम राज्याच्या राजधानीचें डोंगरावरील शहर. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें साऱ्या मिझोरामची लोकसंख्या अकरा लाखांहून थोडी कमी, आणि आपल्या एकट्या ठाणें शहराची अठरा लाखांवर. यावरून त्या राज्याचा व्याप ध्यानीं यावा. ऐझॉलचा संघ आदल्याच वर्षीं नापास होऊन खालीं गेला होता. गोव्याच्या तीन क्लबांनीं लीगमधून अंग काढून घेतलें म्हणून त्याला पुन्हा वर घेण्यांत आलें. म्हणजे नशिबानें आंत आलेला संघ, आणि घर सुटलेला शिक्षक. मुंबईहून त्यांनीं आपल्याबरोबर जयेश राणे व आशुतोष मेहता या दोघांना नेलें; सीरियाचा महमूद अल आमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान हे परदेशचे; बाकीचीं मुलें बहुतेक तेथल्याच डोंगरांतलीं. ती लीग त्यांनीं जिंकली.

कशी जिंकली तें थोडक्यांत सांगतों. २२ एप्रिल २०१७ रोजीं ऐझॉल येथें मोहन बागानशीं सामना झाला. मोहन बागान म्हणजे १८८९ सालीं स्थापन झालेला, १९११ मध्यें गोऱ्या पलटणीच्या संघास हरवून देशभर गाजलेला कलकत्त्याचा क्लब. त्याला ऐझॉलनें एका गोलानें हरविलें. आठ दिवसांनीं, ३० एप्रिलला, शिलाँग येथें शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी पुरे. पहिला गोल शिलाँगच्या लाजोंग संघानें केला. उत्तरार्धांत विल्यम लालनुन्फेला या मुलानें तो फेडला, आणि १-१ अशा बरोबरीवर सामना संपला. अठरा सामने, ऐझॉलचे गुण ३७, मोहन बागानचे ३६. ईशान्येकडील कोणत्याही क्लबानें देशाची लीग जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग. आणि गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, त्याच हंगामांत मुंबई एफ.सी. तळास गेला. शिक्षकाचें मोल काय, असें वादीनें विचारलें असतें तर आम्हीं हे दोन तक्ते शेजारीं शेजारीं ठेवले असते. आम्हीं ते ठेवलेही. वादी बराच वेळ चष्मा पुशीत बसले.

परंतु न्यायाधीशानें एकच बाजू दाखविणें बरें नव्हे. म्हणून पुढचेंही सांगितलें पाहिजे. लीग जिंकल्यावर जमील कलकत्त्यास ईस्ट बंगालकडे गेले. संघ चौथा आला, पद गेलें. २०१९ च्या जानेवारींत मोहन बागाननें बोलाविलें. हंगामाबरोबर तेंही संपलें. इंडियन सुपर लीग ही श्रीमंत स्पर्धा २०१४ पासून सुरू झालेली. तेथें मुख्य शिक्षक परदेशचा आणि हाताखालचा मदतनीस तेवढा हिंदी, असा रिवाज पडला होता. जमील यांनाही तेथें प्रवेश मिळाला तो मदतनीस म्हणूनच. २०२१ च्या जानेवारींत नॉर्थईस्ट युनायटेडचा परदेशी शिक्षक मध्येंच गेला, तेव्हां तात्पुरती सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. उरलेल्या साखळी सामन्यांत संघ एकदांही न हरतां उपांत्य फेरीपर्यंत पोंचला. तेव्हां कोठें, त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, त्यांची नेमणूक कायम झाली; त्या लीगमध्यें असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. आणि कायम झाल्यावर काय झालें? त्या हंगामांत नॉर्थईस्ट अकरा संघांत दहावा आला! मदतनीसाचा काळ यशस्वी आणि मालकीचा काळ अपयशी, हा अनुभव कचेरींतील पुष्कळांस असेल.

पुन्हा पायरी पायरीनें चढणें आलें. २०२३ च्या अखेरीस जमशेदपूर संघानें त्यांना घेतलें. पहिल्या हंगामांत कांहीं विशेष घडलें नाहीं; दुसऱ्या, २०२४-२५ च्या हंगामांत संघ पांचवा आला, उपांत्य फेरींत मोहन बागानविरुद्ध घरचा सामना २-१ असा जिंकला, आणि कलकत्त्यांतील सामना २-० असा हरून, दोन्ही मिळून एका गोलानें बाहेर पडला. तो शेवटचा गोल नव्वद मिनिटें उलटून गेल्यावर झाला. चिरंजीव म्हणतात त्या रात्रीं त्यांस झोंप आली नाहीं. आम्हांस तेव्हां या गोष्टीचा पत्ताही नव्हता, हें आतां थोडें खटकतें.

१ ऑगस्ट २०२५ रोजीं जमील यांची भारताच्या राष्ट्रीय संघाचे शिक्षक म्हणून निवड जाहीर झाली. २०१२ पर्यंत गोव्याचे साव्हियो मदेरा त्या जागीं होते. त्यांच्यानंतर पूर्ण वेळ नेमलेला भारतीय हाच. आरंभ चांगला झाला. मध्य आशियांतील एका स्पर्धेंत ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर २-१ असें हरविलें, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यांत ओमानशीं १-१ अशी बरोबरी होऊन पेनल्टींवर विजय मिळाला. वर्तमानपत्रांनीं जयजयकार केला. पुढच्याच महिन्यांत, १४ ऑक्टोबरला, मडगांव येथें सिंगापूरनें २-१ असें हरविलें आणि २०२७ च्या आशियाई चषकाचें दार बंद झालें. १८ नोव्हेंबरला ढाक्यास बांगलादेशाकडून ०-१. बांगलादेशाकडून हार खाण्याची पाळी २००३ नंतर प्रथमच आली. जयजयकार करणाऱ्यांनींच मग खडे फोडले. ज्या पायांनीं चेंडू मारला ते पाय कोणाचे, हें अशा वेळीं कोणी विचारीत नाहीं. विजयाच्या छायाचित्रांत शिक्षक कडेला असतो, आणि पराभवाच्या बातमींत मथळ्यांत.

चिरंजीवांच्या भाषेंत या मनुष्यास "कोच" म्हणतात. "प्रशिक्षक" हा शब्द आम्हीं उच्चारला कीं ते हंसतात. त्यांच्या तोंडीं तो बातमीदारांचा शब्द आहे. मैदानावर "सर." आचरेकरांनाही "सर"च म्हणत. "गुरुजी" हा शब्द मैदानापर्यंत कां पोंचला नाहीं, कोण जाणे.

रात्रीं मोबाईलवर युरोपांतील सामने पाहणाऱ्या चिरंजीवांनीं आम्हांस आणखी एक चरित्र सांगितलें, तें रुमानियाच्या मिर्चा लुचेस्कू यांचें. १९७० सालीं मेक्सिकोंत झालेल्या विश्वचषकांत ते आपल्या देशाचे कर्णधार. १९७९ मध्यें हुनेदोआरा या पोलादाच्या कारखान्यांच्या गांवीं कोर्विनुल नांवाच्या संघांत खेळतां खेळतांच ते शिकवूं लागले. दोन वर्षांत राष्ट्रीय संघ त्यांच्या हातीं आला, १९८४ च्या युरोपीय स्पर्धेपर्यंत त्यांनीं तो नेला, आणि १९८६ मध्यें तें पद गेलें. मग इटली, तुर्कस्तान, युक्रेन. युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्क संघास त्यांनीं २००९ सालीं यूएफा चषक मिळवून दिला. आणि २०२४ मध्यें, वयाच्या ७९ व्या वर्षीं, गेलेलें पद त्यांना परत मिळालें, अडतीस वर्षांनीं! माउलींनीं हें ऐकून एवढेंच विचारलें कीं, या अडतीस वर्षांत त्यांचें बिऱ्हाड कोठें होतें. प्रश्न मार्मिक आहे. अशा धंद्यांत घर एका गांवीं आणि माणूस दुसऱ्या गांवीं, आणि दर दोन वर्षांनीं नवें गांव. जमील यांच्याही वाटेवर मुंबई, ऐझॉल, कलकत्ता, गुवाहाटी, जमशेदपूर अशीं ठिकाणें लागलीं. सून येईल तिलाही हें अगोदर सांगावें लागेल, असें आम्हीं म्हटलें तेव्हां चिरंजीव लाजले व वादी प्रथमच हंसले.

आतां निकाल. "जो खेळांत टिकला नाहीं त्याच्यापाशीं कोण शिकणार" हा सवाल आम्हीं काढून टाकला. १९५० पासून भारताच्या फुटबॉल संघास शिकविणारे, आणि १९५१ व १९६२ अशीं दोनदां आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवून देणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशानें शाळामास्तर होते. दुसऱ्या पदकाच्या वेळीं कर्करोगानें पोंखरलेले होते, आणि पुढच्याच वर्षीं गेले. शिकविण्याची विद्या ही निराळी विद्या आहे आणि ती निराळी शिकावी लागते. त्यासाठीं परीक्षा आहेत. "डी" पासून आरंभ, मग "सी", "बी", "ए" आणि शेवटीं "प्रो". दोन पायऱ्यांच्या मध्यें प्रत्यक्ष मुलांना शिकविल्याचा अनुभव दाखवावा लागतो. बँकेच्या परीक्षेहून ही शिडी आंखूड नाहीं.

परंतु वडिलांची भीति आम्हीं काढून टाकली नाहीं, कारण ती खरी आहे. राष्ट्रीय संघापर्यंत पोंचलेल्या मनुष्याच्या नोकऱ्या महिन्यांच्या हिशेबानें गेल्या. नौपाड्यांतून निघालेल्यास त्याहून अधिक शाश्वति कोण देणार? महिंद्र युनायटेड हा लीग जिंकलेला संघच २०१० मध्यें मालकांनीं मिटविला. म्हणून आम्हीं सांगितलें कीं पदवीचें राहिलेलें वर्ष पुरें करावें, त्याच वर्षांत "डी" चा वर्ग करावा, आणि तोंवर रविवारीं सकाळीं लहान मुलांना शिकवून पाहावें. शिकविण्याचा कंटाळा येतो कीं नाहीं, हें दहा रविवारांत कळतें. वडिलांनीं तोंवर बँकेचा विषय जेवतांना काढूं नये. ही शेवटची अट त्यांना जड गेली.

हा निकाल देऊन तीन आठवडे झाले. चिरंजीवांनीं जवळच्या एका शाळेचें पटांगण रविवारीं सकाळीं सात ते साडेआठ मागून घेतलें आहे. माउलींनीं जुन्या साड्यांच्या काठांच्या रंगीत पट्ट्या शिवून दिल्या. त्या खांद्यावरून घातल्या कीं कोण कोणाच्या बाजूचा तें कळतें. गेल्या रविवारीं आम्ही कोपऱ्यावरून दूध घेऊन परतत असतां वडील पटांगणाच्या भिंतीशीं वर्तमानपत्र घेऊन उभे दिसले. घडी मोडलेली नव्हती. आम्हीं विचारलें, "किती मुलें आलीं?"

"अकरा," ते म्हणाले.

"म्हणजे संघ झाला कीं!"

"झाला," त्यांनीं भिंतीवरून आंत डोकावून पाहिलें. "पण प्रतिपक्ष कोठें आहे? आणखी अकरा पाहिजेत. तुमच्या इमारतींत लहान मुलें किती आहेत?"